हिमनदीचा काटा कुणी केला?

चिकोडी भागातल्या एका ऊस उत्पादकाचा प्रश्न आहे: "हिमालयातला बर्फ दरसाल इतके अब्ज टन कमी होतोय म्हणून पेपरात येतंय. आमचा ऊस कारखान्याच्या काट्यावर आमच्या डोळ्यांदेखत मोजतात, तरी आमचा विश्वास बसत नाही. मग एवढ्या डोंगरावरच्या बर्फाचा काटा केला कुणी आणि कशावर? आणि त्यानं आमच्या कृष्णेला काय फरक पडतोय काय?"

इतका सरळ प्रश्न मला बावीस वर्षांत एकाही परिषदेत कुणी विचारला नाही. मी मूळचा खानापूर तालुक्यातला. शिक्षण बेळगावात झालं आणि पुढचं आयुष्य हिमाचलात चंद्रा नदीच्या खोऱ्यात बर्फात काठ्या रोवण्यात गेलं. त्यामुळे उत्तर लांबणार, तेवढं सांभाळून घ्या.

काटा कुणीच केलेला नाही. हिमनदी कशावर चढवणार? आम्ही मोजतो ते भलतंच काहीतरी असतं: काठीची लांबी, जमिनीची उंची, नाहीतर आकाशातल्या दोन उपग्रहांमधलं अंतर. वजन येतं ते त्यावरच्या हिशेबातून. तुमच्याकडं फडात उभ्या उसाचा अंदाज करणारी जुनी माणसं असतात, एक चक्कर मारून एकरी किती टन पडेल ते सांगतात. आमचं काम त्याच जातीचं. फरक एवढाच की एकाच फडाचा अंदाज तीन माणसं तीन वेगळ्या रीतीनं करतात आणि मग एकमेकांचा ताळा बघतात.

आधी अब्ज टनाचं आपल्या भाषेत रूपांतर करून टाकू. एक अब्ज टन बर्फ वितळला की एक घन किलोमीटर पाणी होतं, म्हणजे साधारण 35 टीएमसी. आपलं हिडकल धरण सुमारे 51 टीएमसीचं, म्हणजे भरलेल्या हिडकलमध्ये दीड अब्ज टनाला थोडं कमी पाणी. हिमालय, काराकोरम, पामीर, तिएनशान असा आशियातला सगळा उंच मुलूख धरला, तर 2000 ते 2016 या काळात तिथल्या हिमनद्यांतून दरवर्षी सुमारे 16 अब्ज टन बर्फ घटला. पडलेला हिम वजा जाऊन उरलेली ही तूट आहे: अकरा हिडकलं, दरसाल. जगभरातल्या हिमनद्यांची तूट (ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या मोठ्या हिमचादरी सोडून) 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 267 अब्ज टन होती. तिला कोयनेनं भागलं तर नव्वदच्या आसपास कोयना धरणं होतात.

आता हे आकडे आले कुठून ते बघू.

सगळ्यात जुनी रीत काठीची. उन्हाळ्यात जिथं बर्फ झिजतो, त्या खालच्या भागात बांबू रोवायचा. बांबू म्हणजे खरोखरचा बांबू, आमच्याकडं ज्याला कळक म्हणतात तो. दोन-दोन मीटरचे तुकडे एकापुढं एक जोडायचे आणि दहा मीटरपर्यंत खोल भोक पाडून आत सोडायचे. भोक पाडायला पाठीवरून न्यायचा छोटा बॉयलर असतो, त्याच्या नळीतून वाफ सोडत बर्फ वितळवत जायचं. सप्टेंबर संपता संपता, वितळण्याचा मोसम सरला की जाऊन बघायचं काठी किती उघडी पडली. समजा गेल्या वर्षी 40 सेंटिमीटर बाहेर होती, यंदा 3 मीटर 10 सेंटिमीटर आहे. म्हणजे तिथला 2 मीटर 70 सेंटिमीटर बर्फ गेला. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून 0.9 नं गुणायचं: 2 मीटर 43 सेंटिमीटर पाणी. झाला एका काठीचा हिशेब.

वरच्या भागात, जिथं हिम साठत जातो, तिथं काठीचा फारसा उपयोग नाही. तिथं खड्डा खणायचा, गेल्या उन्हाळ्याचा मळकट थर लागेपर्यंत. मग खड्ड्याच्या भिंतीत ठरावीक मापाची नळी आडवी खुपसायची, भरलेला हिम पिशवीत काढायचा आणि स्प्रिंगच्या काट्याला टांगायचा. 500 घनसेंटिमीटरची नळी आणि आतला हिम 200 ग्रॅम भरला, तर घनता 0.4. असा दोन मीटर हिम म्हणजे 80 सेंटिमीटर पाणी. या सगळ्या प्रकरणात खराखुरा काटा वापरला जातो तो इथं, मासे तोलायच्या काट्याएवढा. तुमच्या प्रश्नाचं शब्दशः उत्तर हवं असेल तर हेच: काटा केला, पण पिशवीभर हिमाचा.

या रीतीत चुका कशा होतात ते माझ्याच चुकीवरून सांगतो. तिसऱ्या मोसमात एका काठीचा वरचा तुकडा पुरता उघडा पडला होता आणि त्याच्या खाली आणखी 30 सेंटिमीटर. मी वहीत 2 मीटर 30 सेंटिमीटर लिहिलं आणि मोकळा झालेला तो तुकडा काढून उतरताना टेकायला घेतला. काढल्याची नोंद मात्र केली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी वाचलं 1 मीटर 90 सेंटिमीटर. हिशेबात दिसायला लागलं की त्या जागी बर्फ 40 सेंटिमीटर वाढला! खरं तर 1 मीटर 60 सेंटिमीटर घटला होता. वरच्या आणि खालच्या काठ्या दीड मीटरच्या घरात घट दाखवत होत्या म्हणून संशय आला, नाहीतर माझ्या हातातली ती टेकायची काठी शास्त्रीय निष्कर्ष होऊन बसली असती. तेव्हापासून काढलेल्या तुकड्यावर मी तारीख घालतो आणि तो खाली घेऊन येतो.

काठीची मोठी अडचण मात्र माझ्या वेंधळेपणाची नाही, जागेची आहे. कणकुंबीचा पर्जन्यमापक पावसाळ्यात ओसंडून जातो आणि त्याच जिल्ह्यात अथणीला लोक ढगांकडं बघत बसतात. कणकुंबीच्या एका भांड्यावरून बेळगाव जिल्ह्याचा पाऊस सांगितला तर अथणीवाला चिडेल, आणि त्याचं बरोबरच आहे. हिमनदी तशीच, फक्त तिचा जिल्हा उभा असतो. छोटा शिग्री नावाची हिमनदी क्षेत्रफळानं साडेपंधरा चौरस किलोमीटरची, पण तिची शेपटी चार हजार मीटरच्या जरा वर आणि डोकं सहा हजारांच्या पलीकडं. खाली वर्षाला कित्येक मीटर बर्फ जातो, वर साठतो. म्हणून तिचे उंचीप्रमाणे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्याला त्यातल्या काठ्यांचा किंवा खड्ड्यांचा आकडा द्यायचा, पट्ट्याच्या क्षेत्रफळानं गुणायचा आणि बेरीज मारायची. आता काठ्या लागतात कुठं? जिथं माणूस पोचतो तिथं. ज्या कड्यांवरून हिमकडे कोसळून हिमनदीला पोसतात, तिथं कुणी खड्डा खणत नाही. चढायला सोप्या जागांचा हा पक्षपात आमच्या प्रत्येक आकड्यात लपलेला असतो.

तरीही काठीला मी मानतो. छोटा शिग्रीवर 2002 पासून खंड न पडता ही मोजणी चालू आहे. तिथला सरासरी निकाल वर्षाला साधारण अर्धा मीटर पाण्याएवढी घट, अख्ख्या हिमनदीवर पसरून. स्वीडनमधल्या स्टोरग्लेसियारेन हिमनदीवर तर 1945-46 पासून ही नोंद आहे. कुठलं वर्ष वाईट गेलं, कुठल्या वर्षी हिम चांगला पडला, हे वर्षागणिक फक्त काठी सांगते. हिमालयात हजारो हिमनद्या आहेत आणि नियमित काठ्या असलेल्या मोजक्याच, हे दुखणं वेगळं.

दुसरी रीत उंचीची. एकाच डोंगराचा उंचीनकाशा दोन वेळा काढायचा आणि एकातून दुसरा वजा करायचा. जुना नकाशा म्हणून बहुतेक जण फेब्रुवारी 2000 मधला धरतात. त्या महिन्यात एन्डेव्हर अवकाशयानानं अकरा दिवसांत रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली होती. त्यानंतरचे नकाशे टेरा उपग्रहावरच्या ॲस्टर कॅमेऱ्यानं काढलेल्या जोडचित्रांतून होतात: एक चित्र सरळ खाली बघून, दुसरं तिरपं मागं बघून. दोन डोळ्यांनी खोली कळते तसंच. त्याही मागं जायचं असेल तर अमेरिकेच्या हेक्सागॉन हेरउपग्रहांची 1970 च्या दशकातली फिल्म आहे. त्या काळी फिल्मच्या डब्या पॅराशूटनं खाली सोडायच्या आणि विमानानं हवेतल्या हवेत झेलायच्या. शीतयुद्ध संपल्यावर ही चित्रं खुली झाली आणि हेरगिरीसाठी काढलेल्या फिल्मवर हिमालयाचा जुना बर्फ सापडला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेसहाशे हिमनद्यांची अशी वजाबाकी केली. 1975 ते 2000 मध्ये घट वर्षाला 22 सेंटिमीटर पाण्याएवढी होती, 2000 ते 2016 मध्ये ती 43 झाली, म्हणजे दुप्पट.

वजाबाकी म्हटल्यावर सोपं वाटतं. सोपं नाही. पहिली गोष्ट, दोन नकाशे एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. तीस अंशांच्या उतारावर नकाशा आडवा दहा मीटर सरकला, तर उंचीत जवळजवळ सहा मीटरचा खोटा फरक दिसतो. दरीच्या एका बाजूचा डोंगर खचलेला आणि समोरचा वाढलेला असा चमत्कार पडद्यावर बघितला की समजायचं, नकाशा सरकलाय. ताळा करायला आजूबाजूचा उघडा खडक असतो. खडक वितळत नाही. खडकावर फरक शून्य येईपर्यंत नकाशा सरकवत न्यायचा आणि मगच बर्फाकडं बघायचं. कुणाचा अभ्यास हातात आला की मी आधी त्याचा खडक बघतो, बर्फ नंतर.

दुसरं, 2000 सालचं ते रडार कोरड्या हिमात काही मीटर आत शिरतं आणि पृष्ठभाग आहे त्याहून खाली दाखवतं. जुनी उंचीच कमी लागली की नंतरची घटही कमी दिसते. म्हणजे ही काटामारी बर्फ कमी गेल्याचं भासवणारी आहे, जास्त गेल्याचं नव्हे. याची दुरुस्ती करतात, पण किती करायची यावरून आमच्यात भांडणं आहेत.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. हिमनदीच्या शेपटीकडं पृष्ठभाग वर्षात एक मीटर उतरला म्हणजे तिथं एकच मीटर बर्फ वितळला असं नाही. विहिरीवर मोटर चालवली आणि पाणी हातभर उतरलं, म्हणून हातभरच पाणी उपसलं असं तुम्ही म्हणाल काय? झराही चालू असतो की. हिमनदी वाहते, वरचा बर्फ सतत खाली येत राहतो. चार मीटर वितळले आणि तीन मीटर वरून आले, तर उंची एकच मीटर उतरते. म्हणून उंचीच्या रीतीनं एखाद्या जागेचं वितळणं काढू नये. अख्ख्या हिमनदीची बेरीज केली की आतलं जाणं-येणं एकमेकांना फिटतं आणि खरी तूट उरते. हे न समजता रंगीत नकाशातल्या एका लाल ठिपक्यावर लेख लिहिणारे मी पाहिलेत.

मग उरतो उतारा. हा शब्द मुद्दाम वापरतोय. कारखान्यात ऊस किती टन गेला यावर साखर ठरत नाही, उतारा किती पडला यावर ठरते. उंचीच्या वजाबाकीतून मिळतं आकारमान; त्यातून वजन काढायला घनता लागते. घट्ट बर्फ घनमीटरला 900 किलोच्या आसपास, पण वरच्या भागातला मुरलेला हिम कितीतरी हलका, आणि गेलेल्या आकारमानात दोन्ही मिसळलेले. म्हणून रूढ आकडा 850 धरतात, कमी-जास्त 60. दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबाला तो चालतो. दोन-तीन वर्षांसाठी वापरला तर फसगत होते, कारण नवा हिम नुसता दबला तरी उंची उतरते आणि वजन एक किलोही कमी झालेलं नसतं. ट्रॉलीतला कडबा दबला म्हणून त्याचं वजन घटत नाही, तसंच.

2018 पासून आइससॅट-2 नावाचा उपग्रह हिरव्या लेसरचे सेकंदाला दहा हजार झोत टाकून उंची मोजतोय. अचूकता चांगली, पण तो रेषेरेषेनं जातो, मधली जागा रिकामी राहते.

तिसरी रीत खऱ्या काट्याच्या जवळ जाणारी: गुरुत्वाकर्षणाची. ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी 2002 मध्ये सोडली, ती 2017 पर्यंत चालली. 2018 पासून तिची धाकटी जोडी काम करतेय. दोन उपग्रह एकाच वाटेनं, एकमेकांपासून सुमारे 220 किलोमीटर अंतर ठेवून जातात. पुढं जड डोंगर, बर्फ, पाणी असं काही आलं की पुढचा आधी ओढला जातो आणि अंतर वाढतं. मग मागचा ओढला जातो आणि अंतर कमी होतं. चोर्ला घाटात एकामागं एक दोन ट्रक लागलेत, चढ लागला की पुढचा आधी मंदावतो आणि उतार लागला की आधी सुटतो. मागून बघणाऱ्याला रस्ता दिसत नसला तरी दोघांतल्या अंतरावरून घाट कळतो. हे अंतर मिलिमीटरच्याही हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजलं जातं. इथं ना घनता गृहीत धरावी लागते, ना उंची. सरळ वस्तुमानातला बदल.

मग बाकीच्या रीती टाकून का देत नाही? कारण ग्रेसची नजर जाड आहे. तिला तीनशे किलोमीटरच्या आतलं नीट वेगळं दिसत नाही. पावसाळ्यात इकडं कोयना भरते, तिकडं आलमट्टी भरते. ग्रेसला एवढंच कळतं की या भागात कुठंतरी भार वाढला. हिमालयात तर शेजारी पंजाब-हरियाणा आहे, जिथं बोअरनं जमिनीतलं पाणी वर्षानुवर्षं उपसलं जातंय. तेही वजनच घटतं. पलीकडं तिबेटच्या पठारावर बंदिस्त तळी भरत चाललीत, ते वजन वाढतं. बर्फाचा हिस्सा काढायचा तर आधी हे दोन्ही वजा करायला हवेत, आणि त्यांचा अंदाज चुकला की बर्फाचाही चुकतो.

याचं गाजलेलं उदाहरण 2012 चं. ग्रेसवर आधारलेल्या एका अभ्यासात आशियातल्या उंच पर्वतांची घट 2003 ते 2010 या काळात वर्षाला फक्त 4 अब्ज टन निघाली. त्याआधीचे अंदाज पन्नासच्या आसपासचे होते. काही वृत्तपत्रांनी हिमालयाचा बर्फ वितळलाच नाही असा अर्थ लावून मथळे दिले. दोनच वर्षांपूर्वी 2035 पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होतील हे आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या अहवालातलं विधान चुकीचं म्हणून मागं घ्यावं लागलं होतं, त्यामुळे या नव्या बातमीला जोर चढला. माझ्या गावाकडच्या एका मित्रानं फोन करून विचारलं, "मग तू तिथं करतोस काय रे?"

पण 4 या आकड्यापुढं एक शेपूट होतं: कमी-जास्त 20. म्हणजे अभ्यासकांचं म्हणणं असं होतं की खरा आकडा 24 ची घट ते 16 ची वाढ यांच्यात कुठंही असू शकतो. पाच वर्षांनी उंचीच्या रीतीनं, ॲस्टरच्या हजारो जोडचित्रांतून, 16.3 आला, कमी-जास्त 3.5. तो त्या जुन्या पट्ट्यात अगदी आरामात बसतो. दोन्ही अभ्यासांचं भांडण नव्हतंच. एकाचा काटा बोथट होता, त्यानं तसं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि मथळा देणाऱ्यांनी शेपूट कापलं. आधीचे पन्नासचे अंदाज मात्र खरंच फुगलेले होते. खालच्या, सहज पोचता येणाऱ्या, भराभर वितळणाऱ्या मोजक्या हिमनद्यांवरून सगळ्या मुलखाचा हिशेब केल्यावर दुसरं काय होणार? काराकोरममध्ये तर त्याच काळात हिमनद्या जवळजवळ स्थिर होत्या, काही ठिकाणी थोड्या वाढतही होत्या.

म्हणून पेपरातल्या बातमीत "कमी-जास्त" नसेल तर मी ती वाचून बाजूला ठेवतो. कारखान्याच्या पावतीवर भरलेल्या ट्रॉलीचं वजन आहे आणि रिकाम्या ट्रॉलीचं नाही, तर ती पावती तुम्ही घ्याल काय?

गोमुख किती मीटर मागं सरलं याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ती लांबी झाली, वजन नव्हे. जाड दगडमातीखाली झाकलेली हिमनदी जागची न हलता आतून पातळ होत जाते. तिच्या टोकाचा फोटो वीस वर्षं तसाच दिसू शकतो. गंमत म्हणजे माती पातळ असेल, एक-दोन सेंटिमीटर, तर तीच ऊन शोषून बर्फ जास्त वितळवते, आणि जाड असेल तर गोणपाटासारखी राखते.

राहिली तुमची कृष्णा. ती महाबळेश्वरला उगम पावते, मलप्रभा कणकुंबीला, घटप्रभा, दूधगंगा आणि वेदगंगा सह्याद्रीतच. यांपैकी एकीतही हिमनदीचं थेंबभर पाणी नाही. तुमच्या फडाला मिळतं ते मृगापासून पडणाऱ्या पावसाचं. हिमालयातली तूट सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रेच्या काठच्यांची. जगभरच्या हिमनद्यांतून जाणारं ते 267 अब्ज टन पाणी अखेर समुद्रात जातं आणि त्याची पातळी वर्षाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढवतं. ते कारवारच्या आणि गोव्याच्या किनाऱ्याला मोजावं लागेल, चिकोडीला नाही.